तिळाचा दाट रस्सा आणि तिरफळाचा भाऊबंद

टोकियोतील चोवीस तास उघड्या असणाऱ्या 'कोनबिनी' दुकानांत तिखट, मलईदार कप नूडल्सचे इतके प्रकार मांडलेले असतात, की निवड करणे अवघड जाते. त्यांपैकी बहुतेकांत डुकराचे मांस किंवा कोंबडीचा अर्क असतो, म्हणून शाकाहारी माणसाने वेष्टनावरील घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. यंदा सुट्टीला गिरगावात येताना मी मुद्दाम प्राणिज पदार्थ अजिबात नसलेला तानतानमेन नावाच्या तिखट नूडल्सचा कप आणला आणि मावशीला करून दिला.

तानतानमेन मूळचे चीनच्या सिचुआन प्रांतातले. तिकडे त्यात रस्सा जवळपास नसतो. १९५२ मध्ये जपानला आलेले सिचुआनी आचारी चेन केनमिन यांनी तिथल्या लोकांना रुचेल अशा बेताने तिळाचे वाटण घालून त्याला रस्सेदार रूप दिले आणि तेच पुढे जपानभर रुजले. म्हणजे या कपातला मलईदारपणा दुधाचा नसून वाटलेल्या तिळाचा आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो, ते पाण्यात जेमतेम विरघळते, पण तेलात सहज मिसळते. त्यामुळे तिळाच्या स्निग्ध रश्श्यात तिखट पहिल्याच घोटाला जिभेवर आदळत नाही, सावकाश चढते आणि बराच वेळ रेंगाळते. मला हा पदार्थ आवडतो तो नेमका या संयमासाठी.

कृती सोपी आहे, फक्त तेलाचे छोटे पाकीट उकळत्या पाण्याबरोबर घालू नये. कप झाकलेला असताना ते झाकणावर ठेवून कोमट करावे आणि खाण्याच्या क्षणी रश्श्यावर सोडावे, नाहीतर त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

मावशीने पहिला घास घेतला, ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारले, "अरे, ह्यात तिरफळं घातली आहेत का?" मला फार आनंद झाला, कारण तिची जीभ अचूक होती. ओठ बधिर करणारी ती झणझण सिचुआन मिरीची असते, आणि ही मिरी व कोकणातले तिरफळ दोन्ही झँथोझायलम या एकाच वनस्पती-प्रजातीतली आहेत. वेंगुर्ल्याच्या माहेरी तुरीच्या डाळीच्या आमटीत ठेचून घातलेली तिरफळे खात वाढलेल्या मावशीला ही चव परकी वाटण्याचे कारणच नव्हते. उलट तिळाऐवजी ओल्या खोबऱ्याचा रस घालून पाहावा, असे तिने लगेच सुचवले, आणि ती सूचना मला मनापासून पटली.

उरलेल्या रश्श्यात भात कालवून खाण्याची रीत जपानमध्येही आहे. मावशीनेही भाताचे भांडे पुढे ओढले, पण मी तिला थोडाच रस्सा घेऊ दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि अशा एका कपातच त्याच्या आसपास मीठ असू शकते. त्यातले बरेचसे रश्श्यात उतरलेले असते आणि मावशीला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते.