डोळे मिटा, ढोल वाजेल
आज दिवस ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीवर, ढोल वाजवण्यात गेला. कल्पना १९६५ची, अमेरिकन संगीतकार अल्विन ल्युसिए यांची. डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ अल्फा लहरी उमटतात. कानाला त्या ऐकू येत नाहीत, पण वाढवून स्पीकरला दिल्या की त्याचा पडदा धडधडतो आणि त्याला टेकवलेला ढोल वाजतो. सिग्नल मात्र जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा (एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग). केसांना तेल असेल तर इलेक्ट्रोड (सिग्नल टिपणारी चकती) धरतच नाही. डोक्याची त्वचा स्पिरिटने पुसून जेल लावायची. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. दात आवळले की स्नायूंचाच गोंगाट. आणि गंमत बघा, वाजवायचा जोर केला की अल्फा गायब! (ढोलपथकवाल्यांना हे पटवणं कठीण.)