बामणोलीतला हॉटस्पॉट आणि वायफायचे ३०० रुपये

वासोटा किल्ल्याच्या ट्रेकबद्दल लिहिणारे भरपूर आहेत म्हणून ट्रेकचं मी लिहीत बसत नाही. बामणोलीत वनखात्याची परवानगी, कोयनेच्या शिवसागर जलाशयातून बोट, जंगलातली चढण, सगळं मस्त झालं. चालायची सवय आणि बरे बूट असले की काही अडत नाही. मला सांगायचंय ते खाली परत आल्यावरच्या चार तासांचं. जानेवारीची २० तारीख होती आणि माझ्याकडच्या दोन पार्ट्यांचं (ज्यांचे कर मी भरतो त्यांचं) जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, रात्री १२ च्या आत भरायचं राहिलेलं. चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज, आणि पार्टीचं बोलणं ऐकायचं ते वेगळंच.

जागा बुक करताना फोनवर दोनदा विचारलेलं, वायफाय आहे का. "हाय की, फुल स्पीड." त्याचे दिवसाला ३०० रुपये वेगळे. पोचल्यावर कळलं की वायफाय म्हणजे मालकांच्या पोराच्या मोबाईलचा हॉटस्पॉट! आम्ही सहाजण, शेजारच्या खोलीत पुण्याचा ग्रुप, सगळे त्या एकाच मोबाईलवर, संध्याकाळपर्यंत त्याचा दिवसाचा डेटा संपलेला, आणि डेटा संपला की स्पीड येतं ६४ केबीपीएसवर, त्यात जीएसटीचं लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "वायफायच हाय की सायेब ते, निशाणी दिसतीय न्हवं?" ३०० रुपये यासाठी घेणं ही सरळ लूट आहे, मी तोंडावर सांगितलं.

मग माझा स्वतःचा हॉटस्पॉट. बटणच राखाडी, दाबलं जाईना. सकाळी डेटा वाचवायला म्हणून डेटा सेव्हर चालू केलेला, आणि अँड्रॉइडला तो चालू असला की हॉटस्पॉट चालू होत नाही. तो बंद केला. आता लॅपटॉपला हॉटस्पॉटचं नावच दिसेना. लॅपटॉप जुना, त्याला वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा बँडच कळतो आणि फोनचा हॉटस्पॉट ५ वर. बँड बदलला, नाव आलं, पासवर्ड टाकला, जोडलं गेलं, आणि खाली "नो इंटरनेट".

इथं माझा सव्वा तास गेला. फोनवर नेट चालतंय, बातम्या उघडतायत, लॅपटॉपवर मात्र एक पान हलत नाही. बरोबरचे सगळे म्हणायला लागले "इथं रेंजच नाही रे", मग मीपण अंधारात फोन आणि लॅपटॉप घेऊन पाण्याच्या बाजूनं रस्त्यावर फिरून आलो. फोन तीनदा रिस्टार्ट केला, पासवर्ड बदलला, केबल लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) करायला गेलो तर केबल नुसती चार्जिंगची निघाली. फोनवर नेट नीट चालत असेल आणि लॅपटॉप जोडलेला दाखवत असेल तर रेंजच्या मागे पळू नका, घोळ बहुतेक सेटिंगमध्ये असतो. माझा होता एपीएनमध्ये, म्हणजे फोन कंपनीच्या नेटला कसा जोडायचा त्या सेटिंगमध्ये. नोव्हेंबरात नंबर पोर्ट केला तेव्हा नेट लागेना म्हणून दुकानातल्या मुलानं एपीएन हातानं टाकून दिलेला, त्यानंतर मी हॉटस्पॉट कधी लावलाच नव्हता. मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन तो उघडला, एपीएन टाइपच्या रकान्यात डिफॉल्ट आणि एसयूपीएल एवढंच लिहिलेलं. हॉटस्पॉटसाठीचा प्रकार त्यात नव्हताच, म्हणून पुढे स्वल्पविराम देऊन डीयूएन ही तीन अक्षरं टाकली (इंग्रजीत, छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता), सेव्ह केलं, एअरप्लेन मोड चालू करून बंद केला आणि पान उघडलं. अक्षरशः ओरडलो मी.

पंधरा मिनिटांत परत सगळं ढेपाळलं. लॅपटॉपला वाटतं की हे घरचं वायफाय, त्यानं मागच्या मागे विंडोजचा अपडेट आणि ट्रेकचे फोटो क्लाउडवर ओढायला सुरुवात केलेली, दिवसाचा दीड जीबी खलास. फाइव्हजी अनलिमिटेडच्या भरवशावर राहू नका, फोन फोरजीवर आला की रोजचाच डेटा कापला जातो. वरच्या डेटाचा रिचार्ज मारला आणि लॅपटॉपमध्ये त्या वायफायला मीटर्ड कनेक्शन करून ठेवलं, म्हणजे डेटा मोजका आहे हे लॅपटॉपला कळतं. हे आधी करा, डेटा जायच्या आत.

शेवटचं एक, फोन लॅपटॉपजवळ ठेवायची गरज नाही. मी तो पडवीच्या कट्ट्यावर ठेवला, जिथं दोन दांड्या जास्त येत होत्या, आणि स्वतः आत खोलीत बसलो, हॉटस्पॉट तेवढ्या अंतरावर आरामात येतो. ११ वाजून १० मिनिटांनी दुसरं रिटर्न गेलं.

आयफोनवाल्यांनो, आमच्यातल्या एकाचा १३ होता, त्याचाही हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपला दिसत नव्हता. हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी चालू केल्यावर दिसला, पण जोडलं जाईपर्यंत तीच स्क्रीन उघडी ठेवायला लागते.

ही सगळी तपासणी यवतेश्वरचा घाट चढायच्या आधी, साताऱ्यातच, त्याच फोनवर आणि त्याच लॅपटॉपवर करा. डेटा जाणारी केबल बरोबर घ्या. आणि जागा बुक करताना नुसतं वायफाय आहे का असं विचारू नका, घरात राऊटर आहे का कुणाचा मोबाईल, असं विचारा. आमचे दोन दिवसांचे ६०० लावलेले, सकाळी अर्धा तास वाद घातला तेव्हा ३०० कमी झाले.