घड्या, टाचण्यांची भोकं आणि क्रमांकाआधीचा 'आर'

गेल्या सहा महिन्यांत माझ्या जुन्या सिनेमा-पोस्टरांच्या संग्रहात फक्त दोन कागद आले. त्याआधीच्या सहा महिन्यांत अकरा आले होते. तरी या दोनांचा आनंद जास्त आहे, कारण या वेळी चित्राला भुलण्याआधी मी कागद वाचला.

पहिला कागद 'ड्रॅक्युला हॅज रिझन फ्रॉम द ग्रेव्ह'चं अमेरिकन वन-शीट, म्हणजे थिएटरात लावायचं एका पानाचं पोस्टर, २७ बाय ४१ इंच. भयपटाच्या पोस्टरवर एरवी सुळे असतात, रक्त असतं, किंकाळी फोडणारी बाई असते. इथे फक्त एका बाईची मान, मानेवर दोन गुलाबी चिकटपट्ट्या आणि शीर्षकाच्या जोडीला बारीक अक्षरांत 'ऑब्व्हियसली'. चावा दाखवलाच नाही, त्यावरचा उपचार दाखवला. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या सिनेमांची इतकी पोस्टरं पाहिली, पण एवढ्या थोडक्यात एवढं सांगणारं दुसरं मला माहीत नाही.

खालच्या पांढऱ्या पट्टीत नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा क्रमांक आहे आणि तो ६९ने सुरू होतो. सिनेमा तर १९६८चा! मी दोन दिवस याच काळजीत होते, की ही नंतरची छपाई तर नाही? उत्तर साधं निघालं. सिनेमा ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९६८ला आला आणि अमेरिकेत फेब्रुवारी १९६९ला. ही संस्था १९४० पासून अमेरिकेतल्या थिएटरांना पोस्टरं पुरवत होती, त्यामुळे तिच्या क्रमांकातलं साल तिथल्या प्रदर्शनाचं असतं. सिनेमा पुन्हा लावला असता तर सालाआधी 'आर' आला असता. इथे तो नाही.

आता घड्यांविषयी, कारण नव्याने या छंदात आलेले बरेच जण इथेच अडतात. त्या काळची वन-शीट घडी घालूनच थिएटरात जायची. एक उभी घडी, तीन आडव्या, म्हणजे आठ चौकटी. माझ्या पोस्टरवर उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई उडाली आहे, मधल्या छेदावर तर मोहरीएवढं भोक पडलंय. मला तो दोष वाटत नाही. उलट साठच्या दशकातलं वन-शीट कधीच घडी न पडलेलं दिसलं, तर मी ते दुप्पट काळजीने पाहते. नकलेत घडीची रेघ चित्रातच छापलेली असते, बोट फिरवलं की कागद सपाट लागतो. भिंगाखाली बारीक अक्षरं पाहावीत. अस्सल छपाईत त्यांच्या कडा भरीव आणि रेखीव असतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात.

दुसरा कागद 'फ्रँकेन्स्टाइन'चं लॉबी कार्ड, म्हणजे थिएटरच्या आत लावायचं छोटं चित्रकार्ड, ११ बाय १४ इंच. विकणाऱ्याने १९३१चं म्हणून सांगितलं. मी फक्त खालच्या समासाचा जवळून काढलेला फोटो मागितला. त्यात रिअलआर्टचं नाव होतं आणि आर५१. युनिव्हर्सलचे जुने सिनेमे या कंपनीने पुन्हा थिएटरांत आणले, त्या फेरीतलं हे १९५१चं कार्ड. मी ते घेतलं, पण १९५१चं म्हणूनच. वीस वर्षांनी त्याच राक्षसाने नव्या पिढीला कसं बोलावलं, हे या कार्डावर दिसतं. पुनर्प्रदर्शनाचा कागद मला दुय्यम वाटत नाही. त्याचं साल लपवणं मात्र मला खपत नाही.

एक वाईट बातमीही नोंदवते. तीन वर्षांपूर्वी एका पोस्टरची फाटलेली कड मी मागून पारदर्शक चिकटपट्टी लावून जोडली होती. पट्टी सुटून आली, पण डिंक कागदात मुरला आणि पिवळा डाग पुढच्या बाजूला उतरला. फार वाईट वाटलं. स्वतः द्रावक लावून पाहण्याचा मोह आवरला, कारण त्याने शाई पसरू शकते, आणि पोस्टर जतनतज्ज्ञाकडे दिलं. आता ती कड जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडली आहे. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, म्हणून तीच वापरतात. डाग फिका झाला, गेला नाही.

ड्रॅक्युलाला कॅनव्हासचं अस्तर लावायचं नाही असं ठरवलंय. घड्या झिजल्यात, पण फाटलेल्या नाहीत. पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ते आडवं ठेवलंय. पीव्हीसीची पाकिटं सगळी काढून टाकली. भिंतीवर वर्षातून दोनच महिने, तेही अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे, कारण उडालेला रंग परत येत नाही.

लॉबी कार्डांचा संच आठांचा, म्हणजे सात शोधायची आहेत, सगळी आर५१चीच. माझ्याकडच्या कार्डाच्या तीन कोपऱ्यांत टाचणीचं एकेक भोक आहे, वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन. कुणीतरी ते काढून पुन्हा टोचलं होतं. तुमच्याकडे याच फेरीतली कार्डं असतील, तर त्यांचे कोपरे एकदा पाहून सांगा.