ल-गा पाठ असलेल्यांसाठी इंग्रजी छंद

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या मराठी घरांतून मनाचे श्लोक ऐकत वाढलेल्या मुलांचा कान वृत्ताला तयार असतो. तरीही इंग्रजी साहित्याच्या पेपरात अनोळखी कवितेचा छंद ओळखताना ती चुकतात, आणि बहुधा एकाच जागी: इंग्रजी ओळीतही ऱ्हस्व-दीर्घ पाहू लागतात.

आपल्याकडे अक्षर लघु (ल) की गुरु (गा) हे स्वराच्या लांबीवरून आणि पुढच्या जोडाक्षरावरून ठरतं. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण (लघु-गुरु-गुरु असे तीन अक्षरांचे गट), 12 अक्षरं. इंग्रजीत मोजायचा तो आघात, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर पडणारा जोर. 'बिगिन'मध्ये दोन्ही स्वर ऱ्हस्वच, पण जोर 'गिन'वर. 'फोटोग्राफ'चा जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हटलं की तो दुसऱ्या सिलॅबलवर (एका स्वराभोवती एकदम उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) सरकतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठी बोलताना आपण अक्षरांवर जवळजवळ सारखाच जोर देतो, म्हणून हा फरक कानाला चटकन लागत नाही. शंका आली की कोश उघडा: आजच्या बहुतेक कोशांत आघाताच्या सिलॅबलआधी वर बारीक उभी रेघ असते.

दुसरी गफलत मोजणीची. देवनागरीत लिहून अक्षरं मोजू नका. 'स्ट्रेंग्थ' कितीही लांबलचक दिसला तरी सिलॅबल एकच. 'हेवन'सारखा शब्द कवी गरजेप्रमाणे एकात किंवा दोनात बसवतो.

आता खुणा करायचा क्रम. आधी सिलॅबल मोजा. मग एकाहून जास्त सिलॅबलच्या शब्दांचे आघात लावा, कारण ते ठरलेले असतात. त्यानंतर एका सिलॅबलची नामं, क्रियापदं, विशेषणं. 'अ', 'द', 'ऑफ' सहसा हलके. गणांच्या, म्हणजे हलक्या-जड सिलॅबलच्या गटांच्या, रेघा सगळ्यात शेवटी. बरेच जण रेघा आधी ओढतात आणि मग शब्द त्यांत कोंबतात. तिथेच उत्तर बिघडतं.

शेक्सपिअरच्या 18व्या सुनीताची (14 ओळींच्या कवितेची) पहिली ओळ घ्या: शॅल आय | कम्पेअर | दी टू | अ सम | मर्ज डे. दहा सिलॅबल, पाच गण, प्रत्येकात हलकं-जड. हलकं-जड गण म्हणजे आयँब, पाच गण म्हणजे पेंटामीटर, म्हणून छंद आयँबिक पेंटामीटर. पण 'टू'वरचा आघात 'डे'इतका ठसठशीत नाही, आणि 'शॅल'वर जोर देऊन वाचणंही चालतं. पहिला गण असा उलटणं इतकं नेहमीचं आहे की एका ओळीवरून छंद ठरवू नये. चार-पाच ओळी तपासाव्यात. हॅम्लेटच्या 'टू बी, ऑर नॉट टू बी'ने सुरू होणाऱ्या ओळीत तर 11 सिलॅबल आहेत. शेवटचं हलकं सिलॅबल जादा असतं, छंद तोच राहतो.

गणांची नावं लक्षात ठेवायला यमाताराजभानसलगा हे गणांची लघु-गुरु मांडणी सांगणारं सूत्र खरोखर कामी येतं. गुरुच्या जागी आघात ठेवला की अ‍ॅनापेस्ट (हलकं-हलकं-जड) हा स-गण, डॅक्टिल (जड-हलकं-हलकं) हा भ-गण. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या श्री अरविंदांनी पुढे इंग्रजीत मात्राधिष्ठित, म्हणजे सिलॅबलच्या लांबीवर बेतलेला, छंद कसा आणता येईल यावर सविस्तर निबंध लिहिला, तो 1942 साली छापला गेला. आपल्या कानाला पडणारा पेच त्यात मुळापासून सोडवलेला दिसतो, म्हणून तो जरूर वाचा.

सराव मोठ्यानं करायचा, वाचनालयात तो जमत नाही. सकाळी कमाटीबागेत चालताना आघाताला पाऊल टाकत रोज 14 ओळी म्हणा. उत्तरात मात्र छंदाचं नाव लिहून थांबू नका. गण कुठे उलटला आणि त्यामुळे कोणता शब्द उठून आला, ते त्या शब्दासकट लिहा.