‘भांडवल’ दहाव्या प्रकरणापासून वाचावे

मार्क्स वाचण्याची इच्छा अनेकांना असते. पण ‘भांडवल’ या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचा आरंभच उपयोगमूल्य (वस्तूची उपयुक्तता) आणि विनिमयमूल्य (देवाणघेवाणीतले तिचे मोल) यांच्या इतक्या अमूर्त विवेचनाने होतो की बरेच वाचक तिथेच नाउमेद होतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की सुरुवात इंग्रजी आवृत्तीतील दहाव्या, म्हणजे कामाच्या दिवसावरील प्रकरणापासून करावी. याला खुद्द मार्क्सचा आधार आहे. १८६७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, आपला मित्र कुगेलमान याच्या पत्नीने आधी कोणते भाग वाचावेत हे त्याने पत्रातून कळवले होते आणि त्यांत हे प्रकरण होते.

इथे सिद्धांताला माणसांचे चेहरे आहेत. लंडनमधील मेरी ॲन वॉकली ही वीस वर्षांची शिवणकामगार. नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभासाठी उमराव स्त्रियांचे पोशाख वेळेत तयार व्हायला हवे होते, म्हणून जून १८६३ मध्ये तिने सलग साडेसव्वीस तास काम केले, शुक्रवारी ती आजारी पडली आणि रविवारी मरण पावली. याच प्रकरणात कारखाना निरीक्षकांचे अहवाल येतात: कामगाराकडून रोज पाच मिनिटे जास्त काम काढून घेतले, तर वर्षाकाठी अडीच दिवसांचे उत्पादन मालकाच्या पदरात पडते. कामगार आपली श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची क्षमता, विकतो, तिची किंमत दिवसाच्या एका भागातच भरून निघते आणि उरलेल्या वेळात निर्माण होते ते वरकड मूल्य, हे या पाच मिनिटांच्या हिशेबातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येतून होत नाही.

मुंबईकराला तर हे प्रकरण परके वाटूच नये. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पण विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची मर्यादा संपली आणि कामाचा दिवस पुन्हा लांबला. आज हॉटेलाबाहेर दुचाकीवर बसून ऑर्डरची वाट पाहणाऱ्या डिलिव्हरी कामगाराचा तो वेळ कोणाच्या खात्यात जमा होतो, हे समजून घ्यायचे असेल तर नगावर मिळणाऱ्या वेतनाचे एकविसावे प्रकरण लगेच वाचावे. पहिल्या प्रकरणाकडे त्यानंतर वळले तरी चालते, आणि ते मात्र चार जणांनी मिळून, मोठ्याने वाचून, वाद घालत वाचावे.

एवढ्यावर थांबणे मला योग्य वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला तोंड लावणे सवर्ण विणकरांना विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या काळच्या कामगार चळवळीने त्याला द्यायला हवे होते तेवढे महत्त्व दिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून दहाव्या प्रकरणाच्या जोडीने ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हे बाबासाहेबांचे १९३६ चे भाषण वाचावे; जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांचे प्रतिपादन धोट्याच्या त्या भोकाशी ताडून पाहता येते.