पांढरी रानलिली बाजूने बघा

वळवाचे दोन सडाके झाले की सह्याद्रीत फिरणारे मित्र फोटो पाठवू लागतात. "ही कुठली गं?" फूल पांढरंशुभ्र, फोटो सुरेख, पण नेमका वरून काढलेला. या लिलींची ओळख पाकळ्यांत कमी आणि घशात, नळीत, देठाशी जास्त असते.

आधी पुंकेसरांच्या बुडाशी बघा. तिथे पुंकेसर पातळ पांढऱ्या पेल्याने एकमेकांना जोडलेले असतील तर ते पँक्रॅशियम. माळावरचं बुटकं पँक्रॅशियम पार्व्हम हे त्यातलंच. पेला नाही, पुंकेसर सुटे आहेत, तर बहुधा क्रायनम. दोघांचाही बीजांडकोश (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग) पाकळ्यांच्या खाली असतो, म्हणून बाजूचा फोटो हवा.

क्रायनम मला सगळ्यांत प्रिय. गडांबी कांदा, म्हणजे क्रायनम लॅटिफोलियम, कर्ण्यासारखा फुलतो. नळी वाकलेली, प्रत्येक पाकळीवर मधोमध गुलाबी पट्टा आणि पुंकेसर सगळे एका अंगाला झुकलेले. क्रायनम व्हिविपॅरम नदी-ओढ्याच्या गाळात उभं असतं. त्याच्या पाकळ्या अरुंद, नळी सरळ आणि पुंकेसर चहूकडे पसरलेले. जागा पाहूनच निम्मी ओळख पटते. क्रायनम ब्रॅकिनेमाच्या पाकळ्या रुंद, पण पुंकेसर इतके आखूड की फुलाच्या घशाबाहेर जेमतेम डोकावतात. एकदा ते पाहिलं की पुन्हा शंका येत नाही.

वूड्रोईची गोष्ट तर सांगायलाच हवी. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवणाऱ्या वूड्रो यांचं नाव ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बेकर यांनी १८९८ मध्ये या क्रायनमला दिलं. पुढे ते कुणाला सापडेना. शंभराहून अधिक वर्षांनी ते महाबळेश्वर भागात पुन्हा मिळालं! डोंगरउतारावरचं पांढरं फूल "लिलीच आहे" म्हणून ओलांडून जाऊ नये असं मला वाटतं, ते यासाठी.

गवतात इफिजेनिया भेटली तर मात्र रंगाची मदत होते. इंडिका गडद जांभळट-तांबडी, पॅलिडा पांढरी. पानं गवतासारखीच, त्यामुळे फुलाशिवाय दिसणं कठीण. इथे बीजांडकोश पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत असतो. जुन्या पुस्तकांत ती लिलींच्या कुळात सापडेल. आता ती कळलावीच्या कुळात आहे. इफिजेनिया आणि कळलावी या दोघींतही कोल्चिसिन हे विष असतं, तेव्हा कंद चाखून बघण्याचा विचारही नको.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा एक बाजूने, एक घशात डोकावून आणि एक पानांसकट आजूबाजूच्या जागेचा असू द्या. फुलताना पानं होती की नव्हती, तेही लिहा. आणि खात्री करण्यासाठी कांदा उकरू नका. ब्रॅकिनेमा आणि वूड्रोई भारताबाहेर कुठेच रानात उगवत नाहीत.