आमची वाटचाल : डेन्व्हरमधल्या गांजाच्या दुकानांचे हिशेब

डेन्व्हरमध्ये आम्ही नवरा-बायको मिळून अकाउंटिंगची छोटी फर्म चालवतो. सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे मोटेलवाले, रेस्टॉरंटवाले आणि आयटीतली आपली मंडळी. २०१२ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी गांजाला मान्यता दिली, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली आणि एका मोटेलवाल्याच्या ओळखीने पहिला गांजावाला आमच्याकडे आला. सांगलीला आईला फोनवर "नवीन दुकानदार आलेत" एवढंच सांगितलं.

इथे सगळं केंद्राच्या आयकर कायद्यातल्या २८०-ई या कलमाभोवती फिरतं. मिनियापोलिसच्या एका ड्रग विक्रेत्याला टॅक्स कोर्टाने धंद्याच्या खर्चाची वजावट दिली, म्हणून १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती वजावट बंद करणारं हे कलम आणलं. केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत गांजा सर्वांत कडक गटात, शेड्यूल १ मध्ये, म्हणून हे कलम त्यालाही लागतं. त्यामुळे राज्याचा परवाना असूनही भाडं, पगार, जाहिरात काहीच वजा होत नाही. वजा होते फक्त मालाची किंमत. समजा विक्री १०० डॉलर, माल ६०, बाकी खर्च ३५. उरले ५. कर मात्र ४० वर, २१ टक्क्यांनी ८ डॉलर ४० सेंट. नफ्यापेक्षा कर जास्त!

मग कोणता खर्च नियमाने मालाच्या किमतीत बसतो, हे शोधणं हेच आमचं मुख्य काम झालं. लागवड करणाऱ्याला तिथे बराच वाव असतो, नुसत्या विक्रेत्याला फारच कमी.

राज्याचं गणित वेगळं. कोलोरॅडो स्वतःच्या आयकरात परवानाधारकांना खर्चाची वजावट देतं आणि विक्रीवर हात धुऊन घेतं: घाऊक मालावर १५ टक्के, ग्राहकाकडून आधी १० आणि २०१७ पासून १५ टक्के. घाऊक करातले वर्षाचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या इमारतींना, असं तेव्हा ठरलं होतं. माझ्या मते, त्या शाळांमुळेच बरीच काठावरची मतं फिरली.

मध्यंतरी आमची फी कुठून येते हे पाहून एका बँकेने आमचंच खातं बंद केलं.

२०२१ मध्ये राज्यातली विक्री २०० कोटी डॉलरच्या वर गेली, मग भाव पडले, न्यू मेक्सिकोतही दुकानं उघडली. आमच्या काही गिऱ्हाइकांनी शटर ओढलं.

२०२४ च्या मेमध्ये गांजा शेड्यूल ३ मध्ये टाकायचा प्रस्ताव आला. २८०-ई फक्त पहिल्या दोन शेड्यूलना लागतं, म्हणजे आमच्या फीचा मोठा भागच जायचा! तरी गिऱ्हाइकांना सांगतो, जुन्या वर्षांची बिलं फेकू नका. पुढे सूट मिळाली म्हणून मागची थकबाकी माफ झाली, असं धरून चालू नका.